रविवारचा वेग

२३ फेब्रुवारी २०२५, रविवार. अकोला

वहिनींची टंकलेखनाची परीक्षा ८ एप्रिलला आहे. आजपासून चव्वेचाळीस दिवस. मला शनिवारी संध्याकाळी अमरावतीहून निघता येतं आणि सोमवारी पहिल्या एसटीने परत जावं लागतं, म्हणजे आजचा धरून माझ्या हाती सात रविवार आहेत. काय शिकवलं आणि काय फरक पडला ते सगळं लिहून ठेवणार आहे.

अनुपदादा गेला त्याला जूनमध्ये तीन वर्षं होतील. त्याच्या जागेवर ऑफिसने अनुकंपावर घरातल्या एकाला घेतलं. मी दहावीला इंग्रजीत नापास. मला घेतलं असतं तर शिपाई म्हणून. संध्यावहिनी बारावी पास, त्या लिपिक होऊ शकत होत्या. मी 'माझी हरकत नाही' असं लिहून स्टॅम्पपेपरवर सही केली. त्यांच्या आदेशात अट होती, मराठी किंवा इंग्रजी टंकलेखन दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावं. फॉर्म मी भरला. दोनदा बसल्या, दोनदा राहिल्या. आता ३० जूनपर्यंत मुदतवाढ आहे, ती शेवटची. नंतर 'सेवा समाप्त' असं पत्रात लिहिलं आहे, ठळक अक्षरात. माय त्यांच्याजवळच राहते, घराचं भाडं त्यांच्या पगारातून जातं. अमरावतीत माझी खोली एका खाटेएवढी आहे. दोघी कुठे जातील, हा हिशोब मला अजून जमलेला नाही.

आज शालिकराम सरांच्या इन्स्टिट्यूटमध्ये वहिनींनी सात मिनिटांचा उतारा मारला. वेग मिनिटाला छत्तीस शब्द, लागतो चाळीस. चुका सतरा. मी चुका लाल पेनाने मोजल्या. सतरातल्या अकरा एकाच प्रकारच्या: जिथे अक्षर दोनदा हवं तिथे एकदा, जिथे एकदा हवं तिथे दोनदा. म्हणजे रोग सापडला.

माझ्या हातात शिकवण्यासारखं एवढंच आहे. नापास झाल्यावर चार वर्षं रद्दीतला एक शब्दकोश पाठ केला, त्यावरच गोपालभाऊंनी प्रेसमध्ये प्रूफं तपासायला ठेवलं. अमरावतीत डॉक्टर लोकसुद्धा मुलीच्या लग्नाची इंग्रजी पत्रिका छापायच्या आधी 'ललितले दाखवली का' म्हणून विचारतात.

२४ फेब्रुवारी, सोमवार. एसटीत, मूर्तिजापूरच्या पुढे

काल शिकवलेला पहिला नियम. एका दमात बोलायचा शब्द, शेवटी एकच स्वर आणि त्यापुढे एकच व्यंजन असेल, तर पुढे आयएनजी किंवा ईडी लागताना ते व्यंजन दुप्पट करायचं. स्टॉपचा पी, प्लॅनचा एन. रेनमध्ये स्वर दोन, म्हणून एन एकच. हेल्पमध्ये शेवटी व्यंजनं दोन, म्हणून पी एकच.

वहिनींनी वहीत उतरवून घेतलं. समोर बसून कोणी माझं बोलणं उतरवून घेण्याची ही पहिली वेळ.

सर मागून म्हणाले, "अरे ललित, उतारा समोरच असते पडद्यावर. किती पी हायेत ते छापेलच हाय त्यात. पाहाचं अन् मारायचं."

"समजून मारलं तर चूक होत नाही, सर."

"समजत बसली तं जून निघून जाईन, बापा."

सर जुन्या मशीनच्या काळातले आहेत. त्यांच्याशी वाद घातला नाही.

२ मार्च, रविवार. अकोला

दुसरा नियम. शब्द दोन दमांचा असेल तर जोर कुठे पडतो ते ऐकायचं. बिगिनमध्ये जोर शेवटी, म्हणून बिगिनिंगमध्ये एन दोनदा. ओपनमध्ये जोर आधीच येऊन जातो, म्हणून एन एकदा. मला हा नियम कळायला दोन महिने लागले होते. वहिनींनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "म्हणजे चढ शेवटी असला का दुसरा बैल जुपाचा. चढ आधीच होऊन गेला तं एकच बैल पुरते."

त्यांचं माहेर अकोटकडचं, वडिलांनी दुसऱ्याची गाडी हाकली. मी म्हटलं, "वहिनी, हे पुस्तकात लिहायला पाहिजे." त्या हसल्या. दादा गेल्यापासून त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

माय म्हणाली, "बैलाचं इंग्रजी कोण शिकवून राहिलं रे तिले?"

आजचा वेग तेहेतीस, चुका नऊ. सतरावरून नऊ! वेग घटला, पण तो सवयीने येईल.

५ मार्च, बुधवार. अमरावती

आज दिवसभर एकच विचार छळत राहिला. मराठी का नाही भरलं? मराठीला वेगही कमी लागतो. त्या वेळी वहिनी म्हणाल्याच होत्या, "भाऊजी, मराठी बरं पडीन का?" मी म्हटलं, मराठीचा कीबोर्ड वेगळा शिकावा लागतो, इंग्रजी मोबाईलमुळे सवयीचं असतं, आणि इंग्रजीच्या प्रमाणपत्राला वजन असतं. तिन्ही कारणं खोटी नव्हती. पण तेव्हा मला असंही वाटलं होतं की इंग्रजी असेल तर मी शिकवू शकेन. हे आज पहिल्यांदा लिहितो आहे. मराठीच्या फॉर्मची तारीख निघून गेली आहे, मी चौकशी केली.

आता रोज सहा वाजता फोनवर दहा शब्द विचारणार. वहिनी हो म्हणाल्या.

९ मार्च, रविवार. अकोला

वेग एकतीस. चुका चार.

चार! मी कागद सरांना नेऊन दाखवला. ते म्हणाले, "चार चुका माफ होतेत. चौदाई चालून जातीन. पण उताराच अर्धा राहिला तं त्याले माफी नाही." मग मला बाजूला घेऊन आपली हजेरीची वही दाखवली. त्यात रोज सकाळी सातच्या बॅचचा वेग लिहिलेला असतो. मंगळवार सदतीस. बुधवार अडतीस. गुरुवार अडतीस. शनिवार एकोणचाळीस.

आणि आज, रविवारी, एकतीस.

"हे कसं, सर?"

"मले काय विचारतं? मी रोज असतो. तू रविवारी असतं."

सरांचं घड्याळ मागे असलं पाहिजे.

१२ मार्च, बुधवार. अमरावती

फोन लागला नाही. रात्री मेसेज आला, चार्जिंग नव्हतं. कालही नव्हतं. मी लिहून पाठवलं की परीक्षेच्या महिन्यात चार्जरची काळजी घ्यावी. मग वाटलं जास्त बोललो, म्हणून माफीही लिहिली. त्यावर त्यांचं उत्तर आलं, "तुमचं नाही चुकलं भाऊजी. माझंच चुकते."

प्रेसमध्ये लग्नाच्या पत्रिकांचा ढीग आहे. इंग्रजी पत्रिका मी शेवटच्या शब्दापासून उलटी वाचतो. सरळ वाचली की अर्थ मध्ये येतो, डोळा पुढे पळतो आणि चूक राहून जाते. नवीन आलेल्या चंदाताईंना आज हे समजावलं, "समजून वाचू नका, फक्त बघा." त्यांना लगेच जमलं. वहिनींना काही जमत का नाही?

१६ मार्च, रविवार. अकोला

स्वतःचं स्टॉपवॉच घेऊन गेलो. सरांचं घड्याळ सेकंदालाही चुकत नाही. मग मी म्हटलं, रोज तोच उतारा देत असाल, तो पाठ झाला असेल. सरांनी आठवड्याचे सहा कागद पुढे टाकले. सहाही वेगळे.

आजचा वेग तीस. चुका दोन.

मी शेजारीच बसलो होतो. उताऱ्यात 'रिफर्ड' आला तेव्हा वहिनींची बोटं थांबली. समोर पडद्यावर आर दोनदा लिहिलेला होता. त्या ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटल्या, माझ्याकडे पाहिलं, मग मारला. बरोबर मारला. मी मान हलवली. मला तेव्हा बरंच वाटलं.

यावर एकच उपाय सुचतो, नियम इतके मुरले पाहिजेत की विचारच करावा लागू नये. त्यासाठी तीनशे शब्दांची यादी केली आहे.

१९ मार्च, बुधवार

फोन लागला. दहापैकी दहा बरोबर. पण त्यांचा आवाज शाळेत फळ्यापुढे उभं केलेल्या पोरीसारखा येत होता. मला हा आवाज ओळखू येतो. मी त्याच फळ्यापुढे उभा राहिलेलो आहे.

२३ मार्च, रविवार. अकोला

एकोणतीस. चुका एक.

सरांच्या वहीत काल चाळीस आहे. हे काय चाललं आहे मला समजत नाही. रात्री माय म्हणाली, "आज तिनं भाकर अर्धीच खाल्ली." मी म्हटलं, परीक्षेचं टेन्शन आहे. माय म्हणाली, "परीक्षा तं बुधवारीई असते. बुधवारी खाते ते."

ठरवलं, शेवटचा आठवडा पूर्ण सुट्टी घेऊन इथेच राहायचं. रविवारी बिघडतं ते मध्ये सहा दिवसांचा खंड पडतो म्हणून बिघडतं.

२८ मार्च, शुक्रवार. अमरावती

सुट्टी मागितली. गोपालभाऊ खुर्चीतून उठलेच. "जयंती पंधरा दिवसावर, दोनशे बॅनर लटकून हायेत, अन् प्रूफवाला चालला सुट्टीवर! उद्या कोण्या बॅनरवर चूक गेली तं मार कोण खाईन? मीच ना?"

"वहिनीची नोकरी जाईल, भाऊ."

"तुह्यानं वाचते का ते?"

मी हातातली प्रूफं पुढे तपासायला घेतली. शेवटी म्हणाले, "जाय. आठ तारखेले सकाळी नऊले पाहिजे इथं."

म्हणजे परीक्षेच्या दिवशी मी तिथे नसणार. पण कबूल केलं.

३१ मार्च, सोमवार. अकोला

सकाळी सातच्या बॅचला मीही गेलो. वेग अठ्ठावीस. संध्याकाळी पुन्हा. सत्तावीस.

१ एप्रिल

सव्वीस. चुका शून्य.

शून्य चुका, आणि उताऱ्याच्या खालच्या सात ओळी तशाच.

२ एप्रिल

आज वहिनी 'व्हिजिटेड'वर अडकल्या. दोन दमांचा शब्द, जोर आधी, टी एकच. हे त्यांना पाठ आहे. पडद्यावरही टी एकच होता. तरी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, हे छापेल बरोबर हाय ना?"

आधी त्यांना छापलेलं बरोबर वाटायचं. आता वाटत नाही. हे मी शिकवलं.

सर पंखा बंद करून निघून गेले.

३ एप्रिल, गुरुवार

आज भांडण झालं. भांडण म्हणता येणार नाही, कारण आवाज फक्त माझाच होता. चोवीस वेग आल्यावर मी म्हटलं, "वहिनी, विसरा सगळे नियम. फक्त पाहा आणि मारा." मी पुन्हा म्हटलं, जरा जोरात. सातच्या बॅचमधली सगळी माणसं पाहायला लागली.

वहिनी हळूच म्हणाल्या, "तुमी एवढं शिकवलं. आता डोक्यातून काढू कशी? कोणतंई अक्षर पायलं का तुमचा आवाज येते."

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. पायरीवर ऊन आलं, तरी उठलो नाही. पाच दिवस राहिले. महिनाभर मी माणसाच्या पायात दोर बांधत होतो आणि दोराच्या गाठी मोजून खूश होत होतो. छत्तीस होता त्यांचा वेग मी येण्याआधी. चार शब्दच तर कमी होते. कोणी शिकवलं नसतं तर आजपर्यंत झाले असते.

पण मग सरांच्या वहीतले चाळीस कुठून येतात? नियम तर त्यांच्या डोक्यात बुधवारीही असतात.

४ एप्रिल, शुक्रवार

प्रवेशपत्रावर वहिनींचा फोटो काळा छापला गेला होता. सकाळी ते दुसरीकडून छापून आणायला गेलो, म्हणून इन्स्टिट्यूटला वीस मिनिटं उशिरा पोहोचलो. दार उघडं होतं. वहिनींची पाठ दाराकडे.

मी आत जाण्याआधीच आवाज ऐकला. बोटं कुठे अडखळत नव्हती. सरांनी मला पाहिलं आणि तोंडावर बोट ठेवलं. मी चप्पल हातात घेऊन बाहेरच उभा राहिलो आणि खिशातलं स्टॉपवॉच चालू केलं. मध्ये एकदा त्या शेजारच्या मुलीशी बोलल्याही, "तुह्या कीबोर्डची स्पेस अटकते वाटते," आणि बोटं चालूच. वेळ संपली. सरांनी वाचलं, "एकेचाळीस. चुका आठ. पास."

मला इतका आनंद झाला की मी दारातूनच म्हटलं, "वा, वहिनी!"

त्या दचकून उभ्या राहिल्या. ऑफिसात साहेब आला की उभे राहतात तशा. पदर सावरला, आणि एकेचाळीस वेगाचा कागद उलटा करून कीबोर्डखाली सरकवला. माझ्यापासून लपवला. पास झाल्याचा कागद.

"आठ चुका झाल्या, भाऊजी," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यानं मारते."

दुसऱ्यांदा मारला. पंचवीस.

संध्याकाळी त्या भाजीला गेल्यावर मी मायला सगळं सांगितलं. माय तांदूळ निवडत होती. तिने ताटावरून नजर उचलली नाही.

"तू कागदावर सही देल्ली ना, हरकत नाही म्हणून?"

"हो."

"ते तुले आठवते का रोज?"

"रोज कशाला आठवेल?"

"तिले आठवते. ऑफिसात खुर्चीवर बसाच्या आंधी आठवते. ललितभाऊचं नशीब मी घेतलं म्हणते. तू समोर बसला का तिची बोटं अटकतेत. तुले नाही म्हणता येत नाही तिले, कधीच येणार नाही. तू म्हणशीन का उलटी चाल, तं चालीन."

"मग मी काय करू, माय?"

"जाय ना बापा तू घरी."

मी म्हटलं चार दिवस राहिले आहेत, अशा वेळी कसं जाऊ. माय म्हणाली, "म्हणूनच तं."

५ एप्रिल, शनिवार. एसटीत

निघालो. वहिनींना सांगितलं, बॅनरचं काम फार आहे, गोपालभाऊ ओरडतात. खोटं बोललो. त्यांनी डब्यात पोळ्या बांधून दिल्या. म्हणाल्या, "माह्यावर नाराज होऊन चालले का?"

"नाही."

"चोवीस आला म्हणून?"

मला सांगता आलं असतं की एकेचाळीस मी ऐकला आहे आणि त्यातल्या आठ चुका मला एकेचाळीसपेक्षाही आवडल्या. पण मी काही बोललो की ते त्यांच्यासाठी आणखी एक काम होऊन बसतं. मी म्हटलं, "फोन करणार नाही आता. तुम्हीही करू नका. शब्दबिब्द काही नाही."

तीनशे शब्दांची यादी टेबलावर राहिली होती. ती घेऊन आलो. त्यांनी फेकली नसती, जपून ठेवली असती.

बोरगाव मंजूच्या पुढे जाईपर्यंत मी बरा होतो. मग वाटलं, आपण पळतो आहोत. त्या राहिल्या तर मी तिथे नव्हतो असं होईल. त्या राहिल्या तर ३० जूनला मायचं सामान कोण उचलेल, याचाही विचार करून झाला. मीच उचलणार. मूर्तिजापूरला उतरून परतीची गाडी धरावी म्हणून पिशवी हातात घेतली होती. बाजूचे बाबा म्हणाले, "उतराचं हाय का नाही? पाय तरी काढा." पाय काढून घेतले. बसून राहिलो.

६ एप्रिल, रविवार. अमरावती

प्रेस बंद. सकाळी सात ते साडेसात हा वेळ कसा काढला ते लिहीत नाही.

७ एप्रिल

फोन नाही. तिकडूनही नाही.

८ एप्रिल, मंगळवार. अमरावती

परीक्षा अकराला. नऊ वाजता प्रेसमध्ये आल्या आल्या फोन गोपालभाऊंच्या पुढे ठेवला. "एक वाजल्याशिवाय देऊ नका."

"काहून बे? कोण्या पोरीचं लफडं हाय?"

"वहिनीचा पेपर आहे."

त्यांनी फोन ड्रॉवरमध्ये टाकला, किल्ली लावली, किल्ली खिशात घातली आणि न मागता चहा सांगितला.

बावीस बॅनर तपासले. चंदाताईंनी त्यातल्या दोनांत माझ्याकडून सुटलेली चूक दाखवली.

एक वाजता फोन मिळाला. वहिनींचा एक मिस्ड कॉल होता. १० वाजून ३६ मिनिटांनी.

म्हणजे केंद्राच्या दारातून. आत फोन नेऊ देत नाहीत, जमा करण्याआधी केलेला. प्रवेशपत्र विसरल्या असतील. फोटोवरून अडवलं असेल. एखादा शब्द विचारायचा असेल, आणि तो न सांगितल्यामुळे त्या तिथेच अडकल्या असतील. उलट लावला तर बंद. मायला लावला, "अजून नाही आली." पुन्हा लावला, पुन्हा तेच. गोपालभाऊ म्हणाले, "बस खाली, नाहीतं मशीनमधी जाशीन." मी सोडून आलो नसतो तर तो फोन करावाच लागला नसता. हे वाक्य दुपारभर डोक्यात फिरत होतं.

चार वाजून दहा मिनिटांनी फोन आला.

"जय भीम, भाऊजी."

"जय भीम. तुम्ही सकाळी फोन केला होता."

"हो."

"काय विचारायचं होतं? मी उचलला नाही, माझा फोन इथे..."

"काहीच नाही विचाराचं होतं. तुमी उचलता का ते पाहून राहिली होती." मग म्हणाल्या, "नाही उचलला. मंग मले बरं वाटलं. फोन जमा केला अन् गेली आत."

मागे मायचा आवाज येत होता, भांडी लावत होती.

"उतारा?" मी विचारलं.

"संपला. संपल्यावरई टाईम बाकी होता."

"चुका?"

"असतीन. मांगं वळून पायलंच नाही मी."

निकाल जूनच्या पहिल्या आठवड्यात लागेल म्हणतात. त्याआधी काहीच कळणार नाही, आणि लागेल तो कसाही लागू शकतो. उताऱ्यात कोणकोणते शब्द होते हे मला विचारायचं होतं. प्रश्न ओठांवर आला होता. आठवून आठवून त्यांनी ते सगळे सांगितले असते, एकेक अक्षर.

"जेवल्या का?" मी म्हटलं.

"अजून नाही. माय म्हणे पहिले ललितले सांग."

"जेवा मग," म्हटलं, आणि फोन आधी मी ठेवला.